परदेशी वर्गमित्रांसोबत मुळशीत मुक्काम करताय? आधी हे वाचा

मुळशी तालुक्यात पौडजवळ १९९७ पासून युडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे, लवळ्यात सिम्बायोसिस. त्यामुळे वीकेंडला ताम्हिणी घाटाकडे निघालेल्या ग्रुपमध्ये परदेशी विद्यार्थी असतातच. दिवसभराची सहल असेल तर प्रश्न नाही. मुक्काम असेल तर मात्र परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवणं हॉटेलमालकावर बंधनकारक आहे; होमस्टेही यातून सुटत नाही. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, नुसत्या कॉलेजच्या ओळखपत्रावर भागत नाही. ही कटकट नको म्हणून काही जण सरळ दारातून परत पाठवतात. (भर पावसात, रात्री!) त्यामुळे अ‍ॅडव्हान्स भरण्याआधीच फोन करून विचारा.

आणि धरणाकाठी फोटो काढताना मित्रांना हेही सांगा: बुडणाऱ्या जमिनी वाचवण्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता, सेनापती बापट त्यात पुढे होते.