तरवड : दख्खनच्या आर्थिक इतिहासातील एक उपेक्षित झुडूप

दख्खनच्या पर्जन्यछायेत, जेथे वर्षाकाठी जेमतेम 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो, तेथील मुरमाड माळांवर तरवड आपोआप वाढतो. जनावरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. तोडला तरी तो बुंध्यापासून पुन्हा फुटतो. नवरात्रात घटावर त्याच्या पिवळ्या फुलांची माळ चढते, आणि तेलंगणात हेच फूल बतुकम्माच्या सणात मानाचे आहे. तथापि आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने फुलापेक्षा सालीचे महत्त्व अधिक आहे.

तरवडाच्या सालीत सुमारे 15 ते 20 टक्के टॅनिन असते. या सालीने कमावलेले कातडे फिकट रंगाचे व मऊ होते. पुढे उजेडाने ते तांबूस पडू नये म्हणून त्याला हिरड्याच्या पाण्याचा हात देत. माळावरची साल आणि सह्याद्रीचा हिरडा यांचा मेळ घालणारी ही विद्या गावोगावच्या कातडे कमावणाऱ्या समाजांनी जोपासली होती. त्यांच्या मोटेवाचून विहिरीचे पाणी मळ्यात येत नसे.

1914-18 च्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या बुटांसाठी हिंदी कातड्याची मागणी वाढली, आणि 1916 मध्ये सरकारने या व्यापारावर नियंत्रण आणले. सालीची गरज वाढली; परंतु साल येत होती ती मुख्यतः रानातून, लागवडीतून नव्हे. उलट दक्षिण आफ्रिकेत नाताळ येथे ऑस्ट्रेलियन वॉटलची शिस्तबद्ध लागवड झालेली होती, आणि तिच्या सालीत टॅनिनचे प्रमाण तरवडाच्या जवळजवळ दुप्पट होते. युद्धानंतर ही आयात साल मद्रासच्या कारखान्यांत स्थिरावली. 1946 मध्ये वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, तेव्हाही तरवडाचा विचार मागेच राहिला. निलगिरी व पळणीच्या गवताळ पठारांवर वॉटलच लावण्यात आला, आणि त्याची किंमत ती पठारे आजही मोजीत आहेत.

असे का व्हावे? केवळ टॅनिनच्या टक्केवारीने याचा पुरता उलगडा होत नाही. 1835-36 मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जी जमीनपाहणी आरंभिली, तिने जमिनीची प्रत पिकाच्या शक्तीवरून ठरविली. ज्या भूमीतून पीक निघत नाही ती पडीक अथवा पोटखराबा, हा महसुली निकष पुढे विचाराचाच निकष होऊन बसला. जे आपोआप उगवते त्यावर सारा नाही, म्हणून त्याची नोंद नाही. आणि नोंद नाही म्हणून त्याची जोपासनाही नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात आपल्या दवण्याच्याच कुळातील सेजब्रश या झुडुपाचीही अशीच उपेक्षा झाली. गवतासाठी ते विस्तीर्ण क्षेत्रांतून उपटून काढण्यात आले, आणि आता तेथे त्याची पुन्हा पेरणी करावी लागत आहे.

तरवडाची लागवड अवघड नाही. बियांचे कठीण कवच खरवडून मृगाच्या सुमारास त्या जागेवरच पेराव्यात. एकदा मूळ धरल्यावर पाणी द्यावे लागत नाही. असे असता 1980 नंतरच्या वनीकरणात सुबाभूळ, निलगिरी व गिरिपुष्प या परदेशी जातींना प्राधान्य मिळाले. दुष्काळाचा इतिहास लिहिताना आपण बुडालेल्या पिकांची गणती करतो. जे दुष्काळातही टिकून राहिले त्याची गणती केल्याखेरीज तो इतिहास पूर्ण होणार नाही.