आय७-३७७० की आय५-६५००? जुना डेस्कटॉप घेताना कोणता प्रोसेसर निवडावा

माझ्या मावसबहिणीने यंदा बीएस्सी आयटीला ॲडमिशन घेतलं. आत्तापर्यंत तिचं सगळं काम मोबाईलवर चालायचं, पण कोडिंग काही मोबाईलवर होत नाही. मावशीने १५ हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. त्यात मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊससकट सगळं बसवायचं होतं, म्हणजे जुना, रिफर्बिश्ड डेस्कटॉपच घ्यावा लागणार होता.

नालासोपाऱ्यात स्टेशनजवळच्या एका दुकानात चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "हा घ्या, आय७ आहे. आय५ पेक्षा केव्हाही भारी." बहिणीने माझ्याकडे बघितलं. "दादा, खरंच?"

याचं उत्तर फक्त हो किंवा नाही असं देता येत नाही, म्हणून हा लेख. जुन्या बाजारात सारख्या दिसणाऱ्या दोन प्रोसेसरची तुलना करू: इंटेल कोअर आय७-३७७० आणि इंटेल कोअर आय५-६५००. पहिला मी स्वतः इंजिनिअरिंगच्या काळात वापरला, दुसरा आता बहिणीच्या टेबलावर आहे.

आधी नाव वाचायला शिका

आय३, आय५, आय७ ही फक्त वर्गवारी आहे, आणि तीसुद्धा त्या-त्या पिढीपुरती. या मॉडेलांत पिढी कळते डॅशनंतरच्या पहिल्या आकड्यावरून. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, ६५०० म्हणजे सहावी. म्हणून "आय७ आहे" एवढं ऐकून पैसे काढू नका. पूर्ण नंबर विचारा.

नंबरच्या शेवटचं अक्षरही बघा. शेवटी टी असेल तर तो कमी विजेवर, कमी वेगाने चालणारा प्रकार असतो. आय५-६५०० चा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ आहे, तर आय५-६५००टी चा फक्त २.५. ऑफिसमधून निघालेल्या छोट्या डब्यांमध्ये बऱ्याचदा हा टी असतो.

दोघांची कुंडली

इंटेल कोअर आय७-३७७०
- बाजारात आला: २०१२
- ४ कोअर, ८ थ्रेड
- वेग: ३.४ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.९
- कॅश: ८ एमबी
- टीडीपी: ७७ वॅट
- रॅम: डीडीआर३, जास्तीत जास्त ३२ जीबी
- ग्राफिक्स: एचडी ४०००

इंटेल कोअर आय५-६५००
- बाजारात आला: २०१५
- ४ कोअर, ४ थ्रेड
- वेग: ३.२ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.६
- कॅश: ६ एमबी
- टीडीपी: ६५ वॅट
- रॅम: डीडीआर४ (काही बोर्डांवर डीडीआर३एल), जास्तीत जास्त ६४ जीबी
- ग्राफिक्स: एचडी ५३०

कागदावर आय७ पुढे दिसतो. वेग जास्त, कॅश जास्त, थ्रेड दुप्पट. मग घोडं कुठे अडतं?

८ थ्रेड म्हणजे ८ कोअर नव्हे

स्टेशनवरच्या तिकीट खिडक्या आठवा. चार खिडक्या, चार क्लार्क, म्हणजे चार कोअर. आता प्रत्येक खिडकीसमोर दोन रांगा लावल्या. एका रांगेतला माणूस सुट्टे शोधतोय तोवर क्लार्क दुसऱ्या रांगेतल्याला तिकीट देतो. क्लार्क चारच आहेत, फक्त त्यांचा रिकामा वेळ वाया जात नाही. याला हायपर-थ्रेडिंग म्हणतात. काम वाढतं, पण दुप्पट होत नाही.

दुसऱ्या बाजूला, ६५०० चा प्रत्येक क्लार्क जास्त चपळ आहे. तो एका ठोक्याला जास्त काम उरकतो, म्हणून गिगाहर्ट्झ कमी असूनही एका कोअरच्या कामात तो ३७७० ला गाठतो आणि बऱ्याचदा थोडा मागेही टाकतो. ब्राउझर, वर्ड, एक्सेल, साधे गेम यांची मदार बरीचशी एका कोअरच्या वेगावर असते. व्हिडिओ रेंडर करणं, मोठा प्रोजेक्ट कंपाइल करणं, अशा सगळ्या कोअरना जुंपणाऱ्या कामांत मात्र ३७७० चे ८ थ्रेड अजूनही कामाला येतात आणि तो सहसा थोडा पुढे राहतो.

म्हणजे नुसत्या ताकदीत दोघे जवळपास बरोबरीचे. निकाल ठरतो बाकीच्या गोष्टींवर.

जिथे ६५०० पुढे जातो

१. व्हिडिओ: हल्ली बरेच फोन जागा वाचवायला एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये शूटिंग करतात. ६५०० च्या ग्राफिक्समध्ये साधा ८-बिट एचईव्हीसी उलगडणारं हार्डवेअर आहे. ३७७० मध्ये ते नाही, त्यामुळे सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि पंखा ओरडायला लागतो. 

२. नवीन सॉफ्टवेअर: ३७७० मध्ये एव्हीएक्स२ नावाच्या सूचनांचा संच नाही, ६५०० मध्ये आहे. काही नवीन सॉफ्टवेअर आणि गेम याच्याशिवाय सुरूच होत नाहीत.

३. पुढची वाढ: ६५०० च्या अनेक बोर्डांवर एनव्हीएमई एसएसडीसाठी एम.२ स्लॉट मिळतो. ३७७० च्या काळातल्या ऑफिस मशीनमध्ये तो नसतो, साटा एसएसडीवर भागवावं लागतं. शिवाय ६५०० काढून पुढे आय७-६७०० बसवता येतो. ३७७० आधीच आपल्या सॉकेटच्या जवळजवळ टोकाला आहे. एक सावधगिरी: आठव्या पिढीच्या सॉकेटचं नाव सारखंच, एलजीए ११५१, असलं तरी तो प्रोसेसर ६५०० च्या बोर्डावर चालत नाही.

वीजबिलाचं काय?

"जुना आय७ वीज खातो" असं सांगतात. हिशोब करू. टीडीपीमधला फरक १२ वॅट. दोन्ही प्रोसेसर रोज ५ तास पूर्ण ताकदीने चालवले असं धरलं, तरी महिन्याला १.८ युनिटचा फरक. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. एवढ्यासाठी निर्णय बदलू नका.

विंडोज ११ चा अडथळा

हे दोघांनाही लागू आहे. विंडोज ११ ला इंटेलची अधिकृत साथ आठव्या पिढीपासून पुढे आहे, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार "विंडोज ११ टाकून देतो" म्हणाला तर ते जुगाड आहे हे लक्षात ठेवा. कोडिंग शिकायला लिनक्स मिंट टाका, दोन्हीवर छान चालतं.

विंडोज ११ हवंच असेल तर बजेट थोडं ताणून आय३-८१०० शोधा. नाव आय३, पण ४ खरे कोअर आणि ३.६ गिगाहर्ट्झचा वेग. आय७ च्या स्टिकरला भुलू नका म्हणतो ते यासाठीच.

मग आम्ही काय घेतलं?

त्या पहिल्या दुकानात मी मशीन चालू करायला लावलं आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून बघितलं. बाहेर आय७ चं स्टिकर, आत आय५-३४७०! दुकानदार म्हणाला, "स्टिकर आधीपासूनच होतं." आम्ही नमस्कार करून निघालो.

पुढच्या रविवारी विरार लोकल पकडली, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड पालथा घातला. एका ठिकाणी खरा ३७७०, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबी हार्ड डिस्क मॉनिटरसकट १२ हजारांना. दुसऱ्या ठिकाणी ६५००, ८ जीबी आणि २५६ जीबी एसएसडी १३ हजारांना. दुसरं घेतलं. उरलेल्या पैशांतून रॅम वाढवायची आहे, कारण अँड्रॉइड एम्युलेटर ८ जीबीत रडवतो.

थोडक्यात निकाल

- किंमत जवळपास सारखी असेल: आय५-६५००.
- ३७७० इतका स्वस्त असेल की वाचलेल्या पैशांत एसएसडी आणि जादा रॅम येते: ३७७० खुशाल घ्या. हार्ड डिस्कवरच्या ६५०० पेक्षा एसएसडीवरचा ३७७० रोजच्या कामात चपळ वाटतो.
- घरात आधीच तिसऱ्या पिढीचं मशीन असेल: बोर्ड चालवत असेल तर नुसता ३७७० आणून बसवा. सगळ्यात कमी खर्च.

आणि हो, नालासोपाऱ्यात तळमजल्यावर राहत असाल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. जुलै २०१८ चा पाऊस आठवत असेल, तेव्हा रुळांवरही पाणी होतं. बहिणीचं कॅबिनेट टेबलावर आहे. त्यावर मावशीने क्रोशाचं कव्हर घातलं होतं, ते मात्र मी काढायला लावलं. हवा खेळती राहिली तर प्रोसेसर जुना असला तरी टिकतो.