वाघाची ओळख : गंधाची सही, आवाजाची खूण

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस हुगळी नदीच्या काठी गार्डन रीच हा भाग आहे. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये येथील मटियाबुर्ज येथे आले आणि १८८७ मधील निधनापर्यंत येथेच राहिले. त्यांच्या प्राणिसंग्रहात वाघ, सर्प आणि असंख्य कबुतरे होती. पिंजऱ्यातील वाघ डोळे भरून पाहता येत असे. मात्र रानात एकमेकांना क्वचितच भेटणारे वाघ परस्परांना कसे ओळखतात, या प्रश्नाचा शास्त्रीय उलगडा पुढच्या शतकात होऊ लागला. त्यात कोलकात्यातील संशोधकांचा वाटा मोठा आहे.

रानातील निरोप

वाघ एकटा राहणारा प्राणी आहे. आपल्या क्षेत्रातील झाडांच्या बुंध्यांवर व झुडपांवर तो शेपटी उंचावून मागच्या बाजूस द्रवाचा फवारा मारतो. मागाहून येणारा वाघ ती जागा हुंगतो आणि वरचा ओठ आक्रसून तोंड किंचित उघडे ठेवतो. या कृतीने गंधाचे रेणू टाळूतील ‘जेकबसन इंद्रिया’पर्यंत पोहोचतात. येथून कोण गेले, नर की मादी, मादी माजावर आहे काय आणि खूण ताजी आहे की जुनी, याचा बोध त्याला होतो. त्यामुळे समोरासमोरची झुंज बहुधा टळते.

प्रत्येक वाघाचा गंध वेगळा असतो. रशियाच्या अतिपूर्व भागात प्रशिक्षित कुत्र्यांनी केवळ विष्ठेच्या वासावरून एकेक वाघ ओळखून दाखविल्याचे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

खैरी आणि बासमतीचा दरवळ

ओडिशातील सिमलीपाल व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र संचालक सरोजराज चौधरी यांनी १९७४ मध्ये सापडलेल्या ‘खैरी’ या वाघिणीचे जशीपूर येथील आपल्या निवासस्थानी संगोपन केले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील जीवशास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांना तिच्यामुळे हा द्रव जवळून अभ्यासता आला. हा द्रव निव्वळ मूत्र नसून त्यात स्निग्ध पदार्थ मिसळलेले असतात. अत्तरात चंदनाचे तेल जसे सुवास धरून ठेवते, तसे हे स्निग्ध पदार्थ उडून जाणारे गंधरेणू दीर्घकाळ टिकवून धरतात.

ब्रह्मचारी, मौसुमी पोद्दार-सरकार आणि ज्योतिर्मय दत्त यांनी १९९० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातून आणखी एक शोध जाहीर केला. वाघाच्या या द्रवात ‘२-अॅसिटिल-१-पायरोलिन’ हे द्रव्य असते. बासमती तांदळाचा सुवास याच द्रव्याचा असून महाराष्ट्रातील आंबेमोहरातही ते आढळते.

आवाजाची खूण

शांत रात्री वाघाची डरकाळी सुमारे तीन किलोमीटरपर्यंत ऐकू जाते. ध्वनिमुद्रणांच्या विश्लेषणातून प्रत्येक वाघाच्या डरकाळीची ठेवण निराळी असल्याचे दिसून आले आहे. वाघीण व बछडे जवळ आल्यावर नाकातून हलका फुरफुर आवाज काढतात. ती स्नेहाची खूण होय.

आप्त कसे कळतात?

प्राणी आप्त दोन प्रकारे ओळखतात. पहिला मार्ग सहवासाचा. मेंढी व्याल्यानंतर काही तासांतच आपल्या कोकराचा वास पक्का करते आणि परक्या कोकराला दूर लोटते. पारडू दगावल्यास त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. ओळखीचा वास येताच म्हैस पान्हा सोडते. दुसरा मार्ग तुलनेचा. अमेरिकेतील बेल्डिंग खारी स्वतःच्या गंधाशी ताडून पूर्वी कधीही न भेटलेले नातलगही ओळखतात. मेक्सिकन वटवाघळांच्या माद्या लाखोंच्या गर्दीतून आपले पिलू आवाज आणि वास या दोहोंच्या आधारे शोधून काढतात.

झीनतची वाट

या ज्ञानाचे महत्त्व अलीकडे पुन्हा प्रत्ययास आले. सिमलीपालमधील वाघांत जवळच्या नात्यातील संकरामुळे काळपट पट्ट्यांचे प्रमाण वाढले आहे. तेथे नवे रक्त यावे म्हणून २०२४ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रातील ताडोबा-अंधारी प्रकल्पातून ‘जमुना’ आणि ‘झीनत’ या वाघिणी धाडण्यात आल्या. झीनत झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये शिरली. २९ डिसेंबर रोजी बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडण्यात आले आणि गार्डन रीचपासून काही किलोमीटरवरील अलिपूर प्राणिसंग्रहालयात तपासणीनंतर सिमलीपालला परत पाठविण्यात आले.

जानेवारी २०२५ मध्ये तिच्याच मार्गाच्या परिसरात एक नर वाघ आढळला. झीनतच्या गंधाचा माग काढत तो आला असावा, अशी शक्यता वनाधिकाऱ्यांनी व्यक्त केली होती. स्थलांतरित वाघाला केवळ जंगल आणि भक्ष्य पुरत नाही. नव्या रानात आधीच कोरलेल्या गंधखुणा त्याला वाचाव्या लागतात, आणि त्यांत स्वतःची भर घालावी लागते. ते साधले, तरच तो तेथे स्थिरावतो.