टर्नटेबलचे कार्ट्रिज निवडताना

१९७७ साली अवकाशात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसविलेली आहे. केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी तिच्यावर आहे, हे गोमंतकीय वाचकाला वेगळे सांगायला नको. त्या तबकडीसोबत ती वाजविण्यासाठी एक कार्ट्रिज आणि सुईही पाठविलेली आहे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. तबकडी कुणाच्या हाती लागलीच, तर तिला कोणती सुई लावावी हा प्रश्न त्याच्यापुढे उरू नये, एवढी दक्षता पाठविणाऱ्यांनी घेतली. घरातल्या माळ्यावरून वडिलोपार्जित ध्वनिमुद्रिका खाली काढणाऱ्या श्रोत्यासाठी अशी सोय कुणी करून ठेवलेली नसते.

कार्ट्रिज म्हणजे टोनआर्मच्या टोकाला असलेली, काडेपेटीहूनही लहान डबी. तिच्याखाली हिऱ्याची सुई, सुईला धरून ठेवणारी बारीक दांडी आणि आत चुंबक व तारेची वेटोळी असतात. सुई खाचेतून जाताना हलते आणि त्या हालचालीची वीज होते. टर्नटेबल, अॅम्प्लिफायर, स्पीकर यांपैकी काही निवडण्यात चूक झाली तर त्या दिवसाचे ऐकणे बिघडते. सुई चुकली तर तबकडीच बिघडते आणि मग ती कोणत्याही यंत्रावर नीट वाजत नाही. महागडी यंत्रणा उभी करताना कार्ट्रिजच्या किमतीवर पुष्कळ चर्चा होते, पण विचार सुरू व्हायला हवा तो घरात कोणत्या तबकड्या आहेत येथून.

भारतात तबकड्यांसाठीचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात सुरू झाले, गौहर जान यांचा आवाज त्या सुरुवातीच्या मुद्रणांपैकी होता आणि त्यानंतरची कित्येक दशके ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची होती. दीनानाथ मंगेशकरांची नाट्यपदे, केसरबाईंचे तीन-साडेतीन मिनिटांत बांधलेले ख्याल हे सारे त्या काळातले. या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन असलेली सुई लागते. स्टिरिओ एलपीची गोलाकार सुई साधारण १८ मायक्रॉनची असते. ती ७८ च्या खाचेत घातली तर भिंतींना न टेकता तळाशी घरंगळते. आवाज क्षीण होतो, खरखर वाढते आणि सुईही झिजते. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवणे म्हणजे एलपी गमावणे.

जुन्या घरगुती रेकॉर्ड प्लेअरवर सुई उलटी करण्याचा चिमुकला खटका असे. एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. आजच्या उंची कार्ट्रिजमध्ये तो नसतो. ज्याच्याकडे दोन्ही प्रकारच्या तबकड्या आहेत, त्याने मुळातच सुई बदलता येणारे कार्ट्रिज घ्यावे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत ७८ साठी वेगळी सुई मिळते आणि ऑर्टोफॉनच्या २एम मालिकेत स्वतंत्र कार्ट्रिज आहे. मात्र त्याआधी टर्नटेबलला ७८ चा वेग आहे ना, हे पाहावे. कित्येक महागड्या यंत्रांना तो नसतो. ७८ च्या तबकडीत स्वर आडव्या हालचालीत कोरलेला असल्याने अॅम्प्लिफायरचे मोनो बटण दाबले की उभ्या हालचालीतून येणारी बरीचशी खरखर नाहीशी होते. जुन्या ७८ वरून पुढे एलपीवर आणलेले संच मात्र एलपीच्याच सुईने वाजवावेत, मग त्यातले गाणे कितीही जुने असो.

एलपीच्या सुयांमध्येही आकाराचा फरक आहे आणि शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यासाठी तो विशेष मोलाचा ठरतो. एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकते. लेबलाजवळ पोहोचेपर्यंत हा वेग सुमारे २१ सेंटिमीटरवर येतो. तेवढेच स्वर निम्म्याहून कमी लांबीत दाटतात. आता ख्यालाची मांडणी आठवावी. विलंबित आलाप बाहेरच्या प्रशस्त खाचांत होतात आणि द्रुत लय, तानांचा वर्षाव लेबलाजवळच्या अरुंद जागेत येतो. पाश्चात्त्य पॉपच्या एलपीवर निर्माते बाजूच्या शेवटी संथ गीत ठेवू शकतात. रागाला तशी मुभा नाही. म्हणून साध्या गोल सुईवर तान फाटल्यासारखी किंवा तारसप्तक कर्कश ऐकू आले, तर दोष गायकाचा किंवा ध्वनिमुद्रकाचा असेलच असे नाही.

लंबगोल सुई हे काम बरे करते. सत्तरच्या दशकात जपानमध्ये चार वाहिन्यांच्या तबकड्यांसाठी तयार झालेली शिबाता आणि तिच्यानंतरची मायक्रोलाइन या सुया खाचेच्या भिंतीला उभ्या रेषेत स्पर्श करतात, म्हणून सर्वांत बारीक वळणेही वाचतात. त्यांचा आणखी एक लाभ आहे. सेकंड हॅन्ड बाजारातल्या अनेक एलपी जड दाबाच्या सिरॅमिक कार्ट्रिजवर वाजून गेलेल्या असतात आणि खाचेच्या ज्या उंचीवर गोल सुई घासली तेथे झीज झालेली असते. रेषेत टेकणारी सुई भिंतीच्या न झिजलेल्या भागापर्यंतही पोहोचते आणि मृत वाटणारी तबकडी कधी कधी बोलू लागते. तळाशी धूळ साचली असेल तर तीही अधिक ऐकू येते, हे गृहीत धरावे.

वीज निर्माण करण्याच्या पद्धतीवरून मूव्हिंग मॅग्नेट आणि मूव्हिंग कॉइल असे दोन मुख्य पंथ पडतात आणि त्यांच्यातला वाद घराण्यांच्या वादाइतकाच चिवट आहे. पहिल्यात दांडीला चुंबक असते, निर्माण होणारा दाब साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट असतो आणि सुई घरच्या घरी बदलता येते. दुसऱ्यात दांडीला अतिसूक्ष्म वेटोळी असते, तपशील अनेकदा अधिक नाजूक उमटतो, परंतु दाब बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी असतो. सुई झिजली की कार्ट्रिज निर्मात्याकडे किंवा कुशल दुरुस्तकाकडे पाठवावे लागते. परदेशी बनावटीच्या बाबतीत याचा अर्थ कुरिअर, सीमाशुल्क आणि दीर्घ प्रतीक्षा. हा खर्च खरेदीच्या दिवशीच हिशेबात धरावा. किमतीचे म्हणायचे तर, मायक्रोलाइन सुईचे मध्यम किमतीचे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साध्या गोल सुईच्या महाग मूव्हिंग कॉइलपेक्षा द्रुत तान अधिक स्वच्छ वाजवू शकते.

टोनआर्मशी जुळणी हा यापुढचा विषय, आणि दुकानात याबद्दल फारसे कुणी विचारत नाही. कार्ट्रिजच्या दांडीची लवचीकता आणि टोनआर्मचे परिणामी वजन मिळून एक अनुनाद तयार होतो. तो ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान यावा. त्याखाली गेला तर वाकड्या तबकडीवर टोनआर्म हेलकावे खातो, वर गेला तर संगीतातल्या खर्जाला बाधा येते. हिशेब सोपा आहे. टोनआर्मचे परिणामी वजन, कार्ट्रिजचे वजन आणि स्क्रूचे वजन ग्रॅममध्ये मिळवावे, त्याला लवचीकतेच्या अंकाने गुणावे आणि १५९ ला त्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागावे. टोनआर्म ११ ग्रॅम, कार्ट्रिज ७ ग्रॅम, स्क्रू १ ग्रॅम आणि लवचीकता २० असेल, तर उत्तर ८ च्या थोडे वर येते. म्हणजे जुळणी चालेल, पण याहून जड टोनआर्म नको. जपानी निर्माते लवचीकता बहुधा १०० हर्ट्झला मोजून देतात. ती या सूत्रात घालण्यापूर्वी दीडपट ते दुप्पट करावी लागते. जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेसाठी साठच्या दशकात तयार झालेले आणि अजूनही विकले जाणारे डेनॉन डीएल-१०३ याचे नेहमीचे उदाहरण. त्याची दांडी ताठ आहे, अडीच ग्रॅमचा भार आणि वजनदार टोनआर्म तिला मानवतो. हलक्या टोनआर्मवर लावून ते रुक्ष असल्याची तक्रार करणारे अनेक आहेत.

फोनो प्रीअॅम्प्लिफायरबद्दल थोडक्यात. मूव्हिंग मॅग्नेटला सुमारे ४० डेसिबल प्रवर्धन आणि ४७ किलोओहमचा भार हवा. कमी दाबाच्या मूव्हिंग कॉइलला ६० डेसिबलच्या आसपास प्रवर्धन किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. ती सोय नसताना मूव्हिंग कॉइल घेतले, तर तंबोऱ्याच्या खाली यंत्राची घरघर ऐकत बसावे लागते.

बसविताना सुईचा भार निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या मधोमध किंवा किंचित वर ठेवावा. हलका भार तबकडीला जपतो, हा समज रूढ असला तरी चुकीचा आहे. भार अपुरा असेल तर सुई जोरकस स्वरावर भिंतीपासून सुटते, पुन्हा आदळते आणि तेथे कायमचा ओरखडा पडतो. छोटा डिजिटल काटा आणि कोन पाहण्यासाठी छापील प्रोट्रॅक्टर, एवढी साधने घरी असावीत.

पेटीबंद पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे नामांकित कार्ट्रिज कुणी विकू लागले, तर सावध राहावे. हिरा नवा असला तरी दांडीला पेलणारे रबर काळाबरोबर कडक होते. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी धरते, तीही सुईला मारक आहे. वाजविण्यापूर्वी तबकडी धुवावी. एलपीसाठी वापरले जाणारे अल्कोहोलयुक्त द्रावण मात्र ७८ च्या लाखेच्या तबकडीला चुकूनही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते.

गोल व लंबगोल सुयांचे आयुष्य निर्माते साधारण ३०० ते ५०० तास सांगतात, मायक्रोलाइनचे १,००० तासांपर्यंत. एक एलपी चाळीस मिनिटांची धरली तर ५०० तास म्हणजे सुमारे ७५० एलपी. रोज एक ऐकणाऱ्याला दोन वर्षांचा हिशेब. झिजलेल्या सुईवर सपाट कडा तयार होतात आणि ती छिन्नीसारखी काम करू लागते, तरी आवाज हळूहळू बिघडत गेल्याने कानाला ते उशिरा कळते. म्हणून सुई बसविल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती टर्नटेबलच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी आणि रोज ऐकलेल्या एलपींची खूण तिच्यावरच करावी.