हॉजकिन लिम्फोमातील पित्तावरोध
हॉजकिन लिम्फोमाच्या रुग्णात यकृतात तयार झालेले पित्त लहान आतड्यापर्यंत न पोहोचता रक्तात साठू लागते, त्या अवस्थेस हॉजकिन लिम्फोमातील पित्तावरोध असे म्हणतात. लसीका ग्रंथींपासून सुरू होणारा हा आजार रक्ताच्या कर्करोगांत गणला जातो. थॉमस हॉजकिन या इंग्लिश वैद्यकाने १८३२ मध्ये त्याचे वर्णन केले. पित्तावरोध ही त्यातील विरळा, परंतु गंभीर गुंतागुंत होय.

लक्षणे
डोळे व त्वचा पिवळी पडणे, लघवी गडद व मल फिकट होणे आणि अंगाला तीव्र खाज सुटणे ही प्रमुख लक्षणे आहेत. मात्र खाज कावीळ नसतानाही या कर्करोगात आढळते, त्यामुळे केवळ तिच्यावरून अनुमान काढता येत नाही.

कारणे
यकृताच्या मुखाशी असलेल्या लसीका ग्रंथी सुजून मुख्य पित्तवाहिनी दाबली जाऊ शकते, किंवा कर्कपेशी प्रत्यक्ष यकृतात पसरू शकतात. औषधांची विषबाधा आणि विषाणूजन्य यकृतदाह हीदेखील कारणे असतात.

काही रुग्णांत यांपैकी काहीच सापडत नाही. यकृतात कर्कपेशी नसतात, वाहिनीवर दाबही नसतो. तरीही यकृतातील सूक्ष्म पित्तनलिका नाहीशा होत जातात. बर्मिंगहॅम येथील वैद्यकांनी १९९३ मध्ये हॉजकिन लिम्फोमाच्या संदर्भात या 'लुप्त पित्तनलिका संलक्षणा'कडे लक्ष वेधले. कर्कपेशींमुळे स्रवणारी सायटोकाइन द्रव्ये यास कारणीभूत असावीत असे मानले जाते. यंत्रणा निश्चित झालेली नाही.

निदान
सोनोग्राफीत पित्तवाहिन्या फुगलेल्या दिसल्यास अडथळा यकृताबाहेर असण्याची शक्यता अधिक असते. त्या फुगलेल्या नसल्यास यकृताची बायोप्सी करावी लागते. तपासलेल्या पोर्टल क्षेत्रांपैकी निम्म्याहून अधिक क्षेत्रांत पित्तनलिका नसल्यास निदान पक्के होते. त्यासाठी पुरेसा मोठा नमुना हवा. पित्ताअभावी 'क' जीवनसत्त्व नव्हे, तर 'के' जीवनसत्त्व शोषले जात नाही व रक्त गोठण्यास विलंब लागतो, म्हणून बायोप्सीपूर्वी गोठणक्षमता तपासणे आवश्यक असते.

भारतात निदानास आणखी एक अडचण येते. ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे व मानेतील गाठी ही लक्षणे क्षयरोगातही असतात. गाठीची बायोप्सी न करता क्षयरोगाची औषधे सुरू झाल्यास पुढे होणारी कावीळ त्या औषधांचीच मानली जाते. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड यांनी यकृताला इजा होत असल्याने हा समज स्वाभाविकही वाटतो. मूळ कर्करोग मात्र तसाच राहतो.

उपचार
वाहिनी बाहेरून दबली असल्यास एंडोस्कोपीद्वारे स्टेंट बसवून पित्ताला वाट करून देता येते. नलिका लोपल्या असतील तेव्हा असा मार्ग उरत नाही. तेथे कर्करोगाचा उपचार हाच काविळीचा उपचार ठरतो. पण नेहमीच्या औषधांपैकी डॉक्सोरुबिसिन व विनब्लास्टिन ही मुख्यतः पित्तावाटेच बाहेर पडतात. प्रचलित मार्गदर्शनानुसार बिलिरुबिन प्रति डेसिलिटर १.२ ते ३ मिलिग्रॅम असल्यास डॉक्सोरुबिसिनची मात्रा निम्मी, तर ३ ते ५ मिलिग्रॅम असल्यास पाव केली जाते. मात्रा कमी केल्यास कर्करोग बळावण्याचा, पूर्ण दिल्यास विषबाधेचा धोका असतो. त्यामुळे स्टेरॉइड किंवा मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या औषधांनी सुरुवात करून बिलिरुबिन उतरल्यावर पूर्ण उपचाराकडे वळण्याचा मार्ग काही वेळा अवलंबला जातो. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल पूरक म्हणून देतात.

कर्करोग पूर्ण आटोक्यात आल्यावर काहींच्या पित्तनलिका काही महिन्यांत पुन्हा वाढतात व कावीळ ओसरते. इतरांत कर्करोग बरा होऊनही यकृत निकामी होऊन मृत्यू ओढवतो.