यंत्र ज्याचं, शब्द त्याचा

आपल्याकडं कवितेवर बोलायला दहा जण उठतात. छापखान्यावर बोलायला एकही उठत नाही. कविता छापून आली, नाव झालं, संपलं. ती कुणाच्या यंत्रावर छापली, कागदाचे पैसे कुणी दिले, ओळ कापायचा हक्क कुणाच्या हातात होता, हे कोण विचारतो? दोस्तांनो, आपला इतिहास याच सवालातून आलाय. म्हणून तो सालवार मांडतो.

1888 साली गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकानं 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढून धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारला. नागपुरात किसन फागू बनसोडे यांनी 1910 मध्ये स्वतःचा छापखानाच घातला. कवी माणूस, पण गिरणी कामगारांत वावरणारा. 'मजूर पत्रिका' त्यांनीच चालवली. कविता वेगळी आणि लढा वेगळा, ही वाटणी त्यांना ठाऊकच नव्हती.

31 जानेवारी 1920 ला परळच्या पोयबावडीतून, म्हणजे गिरणगावातून, 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'नं त्याची साधी जाहिरात घेतली नाही. इंग्रजाविरुद्ध स्वराज्य मागणाऱ्यांचं हे स्वराज्य! बाबासाहेब शिकायला लंडनला गेले आणि 1923 मध्ये पत्र बंद पडलं.

मग महाड झालं. 20 मार्च 1927 ला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो, आणि 3 एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाला. मधे अवघे दोन आठवडे. तळ्यावर काय घडलं ते दुसऱ्यानं सांगायच्या आत आपण सांगायचं, ही घाई त्यामागं होती. एकाच अंकात सभेचा वृत्तांत, धर्मशास्त्राची उलटतपासणी, पुढच्या लढ्याची हाक. चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकहाती लिहायचे, तेही बिनपगारी. तरी पैशाअभावी 1929 मध्ये तोही थांबला. 1930 ला 'जनता' आली, 1956 ला तिचाच 'प्रबुद्ध भारत' झाला.

आता 1936 नीट बघा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. जात तोडायला निघालेली ही सुधारक मंडळी भाषण वाचून हादरली. वेदशास्त्रांवरचा हल्ला त्यांना पचेना. थोडं कापा, थोडं बदला, असं सुरू झालं. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. अधिवेशन रद्द झालं. मग त्यांनी ते भाषण मुंबईत स्वखर्चानं काढलं. 1500 प्रती दोन महिन्यांत खपल्या. 'जातिनिर्मूलन' आपण आज वाचतो ते यामुळं. व्यासपीठ मंडळाचं होतं, ते त्यांनी काढून घेतलं. छापणं आपल्या हातात होतं, म्हणून विचार वाचला.

तिकडं अमेरिकेत तेच. ब्लॅक पँथरच्या पत्राचा पहिला अंक 25 एप्रिल 1967 चा. पोलिसांनी मारलेल्या डेन्झिल डॉवेल या काळ्या तरुणाची ती हकीकत. चार पानं, तीही सायक्लोस्टाइल! पुढं एमरी डग्लस या चित्रकारानं त्याच पत्रात गरिबांची चित्रं काढली. गॅलरी नाही, भिंत नाही, हातोहात फिरणारा कागद. इकडं राजा ढाले, नामदेव ढसाळ ही पोरं लघुअनियतकालिकांतून वर आली आणि 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली. स्टेन्सिल कापायची, शाईचा रूळ फिरवायचा. संपादकाच्या दारात उभं राहायची गरज संपली.

आणि आपण काय जपलं? 'जनता', 'प्रबुद्ध भारत' छापणारा दादरचा बुद्धभूषण छापखाना 25 जून 2016 ला आंबेडकर भवनासकट पाडला गेला. मोर्चे निघाले, पण यंत्रावर घाव बसला तो बसलाच. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक 1990 मध्ये सरकारनं एकत्र छापले. तेव्हा वसंत मून संपादक होते. जुने अंक कुणीतरी सांभाळले, म्हणून तेवढं तरी हाती लागलं.

तेव्हा पावणे-तुर्भ्याच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या माझ्या दोस्तांनो, जयंतीच्या वर्गणीत अंकाचाही वाटा काढा. घरातल्या पेटीतले जुने अंक, पत्रकं, निमंत्रणं रद्दीत घालू नका. बाबासाहेबांची पत्रं शत्रूनं बंद पाडली नाहीत, थकलेल्या वर्गणीनं पाडली. ते पाप पुन्हा नको.

जयभीम.