काठावर आलेल्या पाणबुड्या

गावच्या तळ्यात टिबुकली पोहताना आपण पाहिलीच असेल. बराच वेळ ती पाण्यावर असते. चाहूल लागली की टुपकन् बुडी मारते, आणि दम सरला की पलीकडे डोके वर काढते. दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी याच जातीची. ती सदोदित समुद्राच्या पोटात फिरे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती बहुतेक प्रवास पाण्यावरूनच करी. तिच्या डिझेल एंजिनाला हवा लागे. पाण्याखाली गेल्यावर सारी भिस्त बॅटऱ्यांवर, आणि बॅटऱ्या उतरल्या की वर येणे भागच. आज जिच्याविषयी मुख्यतः बोलावयाचे आहे ती जर्मन पाणबुडी यू-505 पाण्यावर ताशी सुमारे 33 किलोमीटर धावे, पाण्याखाली तेरा. तेरा म्हणजे आपल्या सायकलीची चाल!

अशा पाणबुड्या आज पाहावयास मिळतात का? मिळतात, पण फार थोड्या. जर्मनीने त्या युद्धात अकराशेहून अधिक पाणबुड्या बांधल्या. त्यांतल्या पूर्ण आकाराच्या अवघ्या चार आज संग्रहालयांत आहेत. बाकीच्यांपैकी बहुतेक माणसांसकट समुद्रात गेल्या. पुष्कळशा शेवटच्या दिवसांत जर्मन खलाशांनीच बुडविल्या. ज्या शरण आल्या त्यांपैकी 116 ब्रिटिशांनी 1945 च्या नोव्हेंबरपासून 1946 च्या फेब्रुवारीपर्यंत आयर्लंडच्या वायव्येस खोल समुद्रात नेऊन बुडवून टाकल्या.

मग या चार कशा उरल्या? केवळ योगायोगाने, दुसरे काय! ब्रेमरहाफेन येथे आहे ती बारा वर्षे समुद्राच्या तळाशी होती. 1957 साली तिला वर काढले. इंग्लंडात बर्कनहेड येथे आहे ती 1993 साली वर आली, आणि 2008 साली तिचे चक्क तुकडे करण्यात आले. कील शहराजवळ लाबो गावच्या वाळूवर यू-995 उभी आहे. ही युद्धानंतर नॉर्वेच्या नौदलाने वापरली म्हणून वाचली. तिच्या मूळ नमुन्याच्या जवळजवळ सातशे पाणबुड्या बांधल्या होत्या. त्यांतली ही एकटी शिल्लक. चौथी यू-505. ती समुद्रापासून शेकडो कोस आत, अमेरिकेतल्या शिकागो शहरी आहे.

ती तेथे कशी गेली ती हकीकत ऐकण्याजोगी आहे. 1944 सालचा जून महिना, तारीख 4. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर कॅप्टन डॅनियल गॅलरी यांच्या अमेरिकन तांड्याने तिला गाठले. गॅलरींच्या मनात आधीपासून एक धाडसी बेत होता: पाणबुडी बुडवायची नाही, जिवंत धरायची. पाण्यात फुटणाऱ्या बाँबांनी तिचे सुकाणू अडकले. ती वर आली. कप्तानाने नौका सोडण्याचा हुकूम दिला आणि निघता निघता खलाशांनी आत पाणी सोडले. नौका बुडत चाललेली, एंजिने चालूच, आणि ती घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरते आहे. अशा वेळी लेफ्टनंट आल्बर्ट डेव्हिड आणि त्यांचे मूठभर सोबती तिच्यावर चढले. आत स्फोटके लावलेली असतील, हे पक्के ठाऊक असूनही अंधारात उतरले. त्यांतल्या एकाने ज्या भोकातून पाणी येत होते त्याचे झाकण हुडकून बसवले, आणि नौका वाचली. सांकेतिक लिपीची पुस्तके व यंत्रेही हाती लागली.

आणि गंमत पाहा, या पराक्रमाबद्दल गॅलरींना शाबासकीऐवजी बोलणी खावी लागण्याची वेळ आली. त्यांचे वरिष्ठ ॲडमिरल किंग संतापले. पाणबुडी पकडल्याचे जर्मनांना कळले तर ते सांकेतिक लिपीच बदलतील, आणि ती लिपी तर दोस्तांनी आधीच उलगडलेली! दोनच दिवसांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरायचे होते. म्हणून साऱ्यांच्या तोंडाला कुलूप लावण्यात आले. कैदी लुइझियानातल्या एका छावणीत वेगळे ठेवले. त्यांच्या घरच्यांना मात्र ते मेल्याचेच कळवले गेले होते.

युद्ध संपले, आणि पाणबुडी धक्क्याला गंजत पडली. तोफांच्या सरावासाठी तिला बुडवायचे घाटत होते. गॅलरी शिकागोचे. त्यांच्या खटपटीने शहराने वर्गणी जमवली आणि 1954 साली ती मोठ्या सरोवरांच्या वाटेने ओढत आणली. किनाऱ्याचा हमरस्ता रात्री बंद ठेवून तिला विज्ञान व उद्योग संग्रहालयाच्या आवारात नेले. आतले पुष्कळसे सामान नाहीसे झाले होते. गॅलरींनी ते बनविणाऱ्या जर्मन कारखान्यांनाच पत्रे धाडली, आणि त्यांनी सुटे भाग फुकट पाठवून दिले! आपला माल मांडायचाच आहे तर तो नीट दिसावा, असा त्यांचा विचार. शिकागोच्या हिमवर्षावात पन्नास वर्षे उघड्यावर काढल्यावर 2004 साली तिला जमिनीखालच्या बंदिस्त दालनात हलवले.

आत शिरण्यासाठी तिच्या कुशीला दार कापले आहे. लांबी सुमारे 77 मीटर, म्हणजे एस्.टी.च्या सात गाड्या एकामागे एक. पण आत माणसे राहत त्या नळकांड्याची रुंदी साडेचार मीटरही नाही. एवढ्यात पन्नास-साठ माणसे, एंजिने, नळ, चाके, आणि टॉर्पेडो. टॉर्पेडोशेजारीच झोपायच्या खाटा. एकाची पाळी संपली की दुसऱ्याने त्याच उबदार खाटेवर पडायचे. आंघोळ नाही. पावावर बुरशी चढे. कपडे वाळत नसत. मधल्या दालनात पेरिस्कोपजवळ आले की वाटाड्याचा आवाज जरा खाली येतो. 1943 च्या ऑक्टोबरात बाँब फुटत असताना या पाणबुडीच्या तरुण कप्तानाने, पेटर त्शेखने, येथेच स्वतःला गोळी घातली. दुय्यम अधिकाऱ्याने नौका सावरून घरी नेली. पुस्तकात हे मी अनेकदा वाचले होते. पण त्या जागेची रुंदी कळल्यावर वाक्याचा अर्थच बदलतो.

शिकागो दूर आहे. पण ज्यांना पाणबुडीत शिरूनच पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी विशाखापट्टणमच्या वाळूवर आपली आय्.एन्.एस्. कुरसुरा आहे. ही महायुद्धातली नव्हे. 1969 च्या डिसेंबरात ती नौदलात आली, 1971 च्या युद्धात तिने गस्त घातली, 2001 साली निवृत्त झाली आणि 2002 पासून लोकांसाठी खुली आहे. तत्त्व तेच, डिझेल आणि बॅटऱ्या. अडचणही तीच. माहिती द्यायला नौदलातली निवृत्त माणसे असतात, तेव्हा शिक्षकांनी मुलांना मनसोक्त प्रश्न विचारू द्यावेत.

नेताजी सुभाषबाबूंचा प्रवास समजून घ्यायलाही असे आत शिरणे उपयोगी पडते. 1943 च्या फेब्रुवारीत ते आबिद हसन यांच्यासह कीलहून यू-180 मध्ये बसले. यू-505 च्याच घराण्यातली ही लांब पल्ल्याची पाणबुडी. आफ्रिकेला वळसा घालून एप्रिलअखेर मादागास्करच्या बाजूस खवळलेल्या समुद्रात ते रबरी तराफ्यावरून जपानी पाणबुडी आय-29 वर गेले, आणि मे महिन्यात सुमात्राजवळच्या साबांग बेटावर उतरले. जवळजवळ तीन महिने त्या नळकांड्यात! या दोन्ही पाणबुड्या 1944 साली समुद्रात गेल्या. त्या आता कोणालाच दाखवता येणार नाहीत.

याच प्रवासात यू-180 ने ‘कॉर्बिस’ नावाचे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडविले. येथेच संग्रहालयातल्या पाणबुडीची मोठी उणीव ध्यानात येते. टॉर्पेडो सुटतो ते टोक आपण पाहतो. तो लागतो ते टोक दिसत नाही. शिकागोच्या यू-505 ने आठ जहाजे बुडविली. त्यांत कोलंबियाचे एक शिडाचे गलबतही होते, आपल्या कोकणपट्टीवर असते तसेच. ती आठ जहाजे कोणत्याही दालनात नाहीत.

1940 च्या सप्टेंबरची 17 तारीख. ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज लंडनच्या बाँबांपासून वाचवून 90 मुलांना कॅनडात नेत होते. यू-48 ने ते बुडविले. 77 मुले गेली. जहाजाचे नाव काशीचे, आणि खलाशीही बहुतेक हिंदी. एक होडी चुकली, तिच्यात 46 जण आठ दिवस समुद्रावर होते. सहा मुले होती. निम्म्याहून अधिक माणसे हिंदी लस्कर होती.

ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे हजारो लस्कर होते. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, त्यांचे सारंग आणि तांडेल. खानपानाच्या कामाला गोव्याचे ख्रिस्ती. कीलजवळ मोल्टनोर्ट येथे मेलेल्या जर्मन पाणबुडी-खलाशांची नावे काशाच्या पत्र्यांवर कोरली आहेत. दुसऱ्या महायुद्धातलीच तीस हजारांच्या घरात भरतात. आमच्याकडे मुंबईत मशीद बंदरला खलाशांचे वसतिगृह आहे. अविभक्त हिंदुस्थानच्या सुमारे 6,500 बुडालेल्या खलाशांची नोंद असलेले स्मृतिपुस्तक तेथले. त्याची दुसरी प्रत चितगावला. मुंबईत राहून ते पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या शिक्षकांना म्हणून एक सांगणे आहे. ‘आमचा एक आजोबा जहाजावर गेला तो परत आलाच नाही,’ असे सांगणारी घरे तुमच्या गावात अजून असतील. मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवा. आजोबांचे पुरे नाव, बापाचे नाव, गाव, जहाजाचे नाव, आणि साल 1939 ते 1945 मधले कोणते ते, एवढे लिहून आणू द्या. त्यावरून स्मृतिपुस्तकातले नाव शोधता येते.